पाण्यातील जड धातू आणि कार्बनचे नॅनोपदार्थ



बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात सेमरिया ओझा पट्टी नावाचे एक गाव आहे. २००२ साली या गावातील हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आढळले आणि गंगेच्या मध्य खोऱ्यातील भूजलाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. तोपर्यंत हा प्रश्न मुख्यतः पश्चिम बंगाल आणि बांगलादेशाच्या त्रिभुज प्रदेशाचा मानला जात होता. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधेचे रुग्ण १९८३ मध्येच ओळखले गेले होते. पुढे उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातही हेच चित्र दिसले. या सर्व ठिकाणचे पाणी दिसायला स्वच्छ होते. त्याला वास नव्हता, चव बदललेली नव्हती. वर्षानुवर्षे ते पिणाऱ्यांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण पुटकुळ्या उठल्या, त्वचेवर काळे-पांढरे ठिपके पडले आणि काहींना कर्करोगाने गाठले, तेव्हा कुठे संशय पाण्याकडे वळला.

या कथेतील विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. तलाव, नदी व उघड्या विहिरींच्या पाण्यामुळे पसरणारा कॉलरा आणि अतिसार रोखण्यासाठीच गावोगावी कूपनलिका व हातपंप बसवण्यात आले होते. त्या उपायाने असंख्य बालकांचे प्राण वाचले, हे नाकारता येणार नाही. मात्र हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून बसलेले आर्सेनिक असते. गाळाबरोबर गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू वाढतात, भूजलातील प्राणवायू संपतो, लोहाची खनिजे विरघळू लागतात आणि त्यांना बिलगलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. ही प्रक्रिया ध्यानात ठेवावी. व्याख्यानाच्या शेवटी ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

काटेकोरपणे पाहता आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य आहे. तथापि पाण्याच्या प्रदूषणाच्या चर्चेत शिसे, पारा, कॅडमियम आणि क्रोमियम यांच्या पंक्तीतच त्याची गणना होते. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या संयुगांमुळे उद्भवलेल्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. त्याच देशात जिन्झू नदीच्या काठी कॅडमियममुळे हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. आपल्याकडे कानपूर देहात जिल्ह्यातील रनिया-खानचंदपूर भागात क्रोमियमयुक्त घनकचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिले आणि षट्संयुजी क्रोमियम भूजलात उतरले. आर्सेनिक निसर्गातून आले, क्रोमियम कारखान्यातून. हातपंपावर घागर भरणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र हा फरक फारसा महत्त्वाचा नाही.

भारतीय मानक आय.एस. १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम, पारा ०.००१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये. आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. पूर्वी ती ०.०५ मिलिग्रॅम होती. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांचा लहानपणा समजून घेणे अधिक महत्त्वाचे. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे अब्ज भागांत दहा भाग. इतक्या विरळ अवस्थेतील पदार्थ वेचून काढणे, तेही पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या शेकडो पटींनी अधिक असलेल्या निरुपद्रवी क्षारांना बाजूला सारून, हेच या शास्त्रापुढील खरे आव्हान आहे.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट व्हायला हवी. कीटकनाशकाचा रेणू मोडता येतो, जिवाणू मारता येतो. धातूचे मूलद्रव्य मात्र कोणत्याही रासायनिक क्रियेने नष्ट होत नाही. ते पाण्यातून काढले म्हणजे दुसरीकडे कुठेतरी नेऊन ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. ‘जलशुद्धीकरण’ हा शब्द ऐकताना हे सहसा विसरले जाते आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्या विसरण्यातूनच जन्म घेतात.

धातू वेगळे करण्याच्या पारंपरिक पद्धती सर्वपरिचित आहेत. चुना मिसळून धातूंचे अविद्राव्य हायड्रॉक्साइड खाली बसवता येतात. कारखान्यांच्या दाट सांडपाण्यासाठी ही पद्धत स्वस्त आहे, परंतु अब्जांशाच्या पातळीवर ती अपुरी पडते आणि गाळाचे ढीग मागे ठेवते. आयन-विनिमय राळ प्रभावी असली तरी खर्चिक आहे. व्यस्त परासरणाचे, म्हणजेच सर्वसामान्यांच्या भाषेत आर.ओ.चे यंत्र बहुतेक सर्व क्षार काढते. पण त्याला वीज लागते आणि आत घेतलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा ते अधिक दूषित स्वरूपात बाहेर टाकते. राहता राहिला अधिशोषणाचा मार्ग. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर विरघळलेला पदार्थ धरून ठेवणे म्हणजे अधिशोषण. वाळू आणि कोळशाच्या थरांतून पाणी गाळण्याची जुनी घरगुती रीत अंशतः याच तत्त्वावर चालते.

कोळशाचेच आधुनिक भाऊबंद म्हणजे कार्बनचे नॅनोपदार्थ. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा विषय प्रकाशात आला. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटपासून एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. त्यासाठी त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफीनच्या एका ग्रॅमचे सैद्धांतिक पृष्ठफळ सुमारे २,६३० चौरस मीटर आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर एका ग्रॅमात २६ गुंठे जमीन! प्रत्यक्षात मात्र हे थर एकमेकांवर चिकटून बसतात आणि त्यातील बरीचशी ‘जमीन’ वापराबाहेर जाते.

येथे विद्यार्थ्यांची एक सार्वत्रिक चूक होते. पृष्ठफळ मोठे, म्हणून धातू अधिक पकडला जाणार, असा निष्कर्ष उत्तरपत्रिकांत हमखास काढलेला आढळतो. तो अपुरा आहे. शुद्ध ग्राफीनचा किंवा नॅनोनलिकेचा पृष्ठभाग पाण्याला दूर लोटणारा असतो. तेलकट, सेंद्रिय रेणू त्याच्याकडे आकर्षित होतात. पाण्यात विरघळलेल्या शिशाच्या आयनाला तेथे थांबण्याचे फारसे कारण नसते. ते कारण निर्माण करावे लागते आणि त्यालाच पृष्ठभागाची सुधारणा म्हणतात. नॅनोनलिका नायट्रिक आम्लात उकळल्या की त्यांच्या टोकांवर आणि भिंतींतील दोषस्थानी कार्बोक्सिल व हायड्रॉक्सिल हे ऑक्सिजनयुक्त क्रियात्मक गट तयार होतात. पाण्याचा सामू आम्लधर्मी नसेल तर कार्बोक्सिल गटातील हायड्रोजन आयन निघून जातो, पृष्ठभाग ऋणप्रभारित होतो आणि शिसे, तांबे, कॅडमियम यांचे धनप्रभारित आयन त्याकडे ओढले जातात. ग्राफीन ऑक्साइडमध्ये असे गट जात्याच विपुल असतात, त्यामुळे ते पाण्यात सहज मिसळते आणि धातूंचे आयनही धरते. सामू फार खाली गेला तर हायड्रोजन आयन पुन्हा जागा बळकावतात व धातू सुटतो. हा दोष वाटेल. पण वापरलेला पदार्थ सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरण्याची सोय याच गुणधर्मातून होते.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा, म्हणून सुधारणाही वेगळी. पाऱ्याला गंधकाची ओढ आहे, त्यामुळे त्याच्यासाठी गंधकयुक्त थायॉल गट जोडतात. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट या ऋणप्रभारित रूपात असते. त्याला ऋणप्रभारित कार्बोक्सिल गट दूरच लोटतो. तेथे अमिनो गट उपयोगी ठरतात, कारण आम्लधर्मी पाण्यात ते धनप्रभारित होतात. आर्सेनिकची गोष्ट सर्वांत अवघड. पंचसंयुजी आर्सेनिक पाण्यात ऋणप्रभारित असते, तर प्राणवायूविरहित भूजलात मोठ्या प्रमाणावर सापडणारे त्रिसंयुजी आर्सेनिक नेहमीच्या सामूला प्रभाररहितच राहते. त्याला ना धन प्रभार ओढतो, ना ऋण. यावर उपाय म्हणून ग्राफीनच्या थरांवर लोहाच्या ऑक्साइडाचे सूक्ष्म कण बसवले जातात, कारण आर्सेनिकला लोहाचे जुने आकर्षण आहे. दक्षिण कोरियातील पोहांग येथे २०१० मध्ये मॅग्नेटाइट आणि क्षपित ग्राफीन ऑक्साइड यांचे असे मिश्रण तयार करण्यात आले. मॅग्नेटाइटचे कण सुमारे १० नॅनोमीटरचे होते. आर्सेनिक पकडून झाल्यावर संपूर्ण पदार्थ चुंबकाने पाण्यातून ओढून काढता येत होता आणि प्रयोगशाळेत ९९.९ टक्क्यांहून अधिक आर्सेनिक निघून गेल्याचे नोंदवले गेले.

असे आकडे वाचताना थोडे थांबावे. चीनमधील संशोधकांनी २००३ मध्ये नायट्रिक आम्लाने सुधारलेल्या बहुभित्तिक नॅनोनलिकांची क्षमता मोजली. एक ग्रॅम नलिका ९७.०८ मिलिग्रॅम शिसे, २४.४९ मिलिग्रॅम तांबे किंवा १०.८६ मिलिग्रॅम कॅडमियम धरू शकतात, असे त्यांना आढळले. या क्षेत्रातील हा वारंवार उद्धृत होणारा निष्कर्ष आहे. परंतु ही क्षमता पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम धातू शिल्लक असतानाची आहे, ही गोष्ट उद्धृत करणारे बहुधा वगळतात. शिशाची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मोजमाप केले ते मर्यादेच्या हजारपट दाट पाण्यात. अधिशोषणाचा नियम असा की, द्रावणात धातू जितका कमी उरतो तितका पृष्ठभागही कमी भरतो. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी हा आकडा अर्थपूर्ण आहे, हातपंपाच्या पाण्यासाठी तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दररोज ४० लिटर पाणी लागते आणि त्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे, असे समजू. दररोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला १,४६० मिलिग्रॅम आर्सेनिक काढावे लागेल. एखाद्या पदार्थाची क्षमता ग्रॅममागे ४० मिलिग्रॅम असल्याचा दावा असेल, तर कागदावर वर्षभरासाठी ३६.५ ग्रॅम पदार्थ पुरतो. पण विरळ पाण्यात त्या क्षमतेचा दहावा भागच वापरला गेला तर ३६५ ग्रॅम लागतील. शिवाय गंगेच्या खोऱ्यातील भूजलात फॉस्फेट, सिलिका आणि बायकार्बोनेट असतात. फॉस्फेटची रचना आर्सेनेटसारखीच असल्याने ते नेमक्या त्याच जागांसाठी स्पर्धा करते. ऊर्ध्वपातित पाण्यात आर्सेनिक मिसळून केलेला प्रयोग आणि बलियाच्या हातपंपाचे पाणी यांत म्हणूनच अंतर पडते.

हे अंतर किती महाग पडू शकते, याचे उदाहरण नॅनोपदार्थांच्या आधीचे आहे. पश्चिम बंगालमधील बारुईपूर भागात अकरा उत्पादकांची अठरा आर्सेनिक निर्मूलन संयंत्रे बसवण्यात आली होती. जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षे त्यांचा पाठपुरावा करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा एकाही संयंत्राला सातत्याने पाळता आली नाही. त्या वेळची ०.०५ मिलिग्रॅमची भारतीय मर्यादा संपूर्ण काळ पाळणारी संयंत्रे केवळ दोन निघाली. या संयंत्रांतील अधिशोषक पदार्थांचे रसायनशास्त्र खोटे नव्हते. पण भार कधी संपला हे पाणी पाहून कळत नाही. देखभाल, वेळेवर धुणे आणि नियमित चाचणी यांवर सारे अवलंबून असते. गाळणी निकामी झाल्यावरही पाणी स्वच्छच दिसते आणि गाव ते निर्धास्तपणे पीत राहते. अधिशोषक पदार्थ बदलून कार्बनचा नॅनोपदार्थ घातला तरी हा धोका तसूभरही कमी होत नाही.

भारतीय संशोधकांनी या व्यावहारिक बाजूकडे वेळीच लक्ष दिले, हे समाधानाने नमूद करायला हवे. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या गटाने २०११ मध्ये क्षपित ग्राफीन ऑक्साइडवर मँगनीज डायऑक्साइड आणि चांदी यांचे नॅनोकण बसवून पाण्यातील पारा काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे हा पदार्थ कायटोसान या जैविक बहुवारिकाच्या साहाय्याने नदीच्या वाळूवर घट्ट बसवण्यात आला. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. पुढच्याच वर्षी साखरेपासून वाळूच्या कणांवर ग्राफीनसदृश थर तयार करण्याची रीत याच गटाने दाखवून दिली. तिचा प्रयोग रंगद्रव्य आणि कीटकनाशक काढण्यासाठी होता. सुट्या भुकटीऐवजी वाळूवर बसवलेला पदार्थ नळीत भरता येतो, पाणी त्यातून सहज वाहते आणि नॅनोकण ग्लासात उतरण्याची शक्यता घटते. परंतु या संस्थेचे आर्सेनिकसाठी प्रत्यक्ष गावांत पोहोचलेले ‘अमृत’ तंत्रज्ञान कार्बनवर नव्हे, तर कायटोसानात बंदिस्त केलेल्या लोहाच्या ऑक्सि-हायड्रॉक्साइडवर आधारलेले आहे. ग्राफीनचे नाव अधिक झळकते. आर्सेनिकच्या बाबतीत काम मात्र लोहच करते. कार्बन बहुतांशी त्या लोहाला पसरून बसायला जागा देतो.

शासकीय पातळीवर २००७ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ हाती घेतले. आर्सेनिक व फ्लोराइड बाधित सुमारे २८ हजार वस्त्यांसाठी मार्च २०१७ मध्ये राष्ट्रीय जल गुणवत्ता उपअभियान सुरू झाले. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जल जीवन अभियानात, नळाचे सुरक्षित पाणी पोहोचेपर्यंत अशा वस्त्यांत सामुदायिक शुद्धीकरण संयंत्रांतून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी ८ ते १० लिटर पाणी देण्याची तरतूद ठेवण्यात आली. जेथे दूरवरून पृष्ठजल आणता येते तेथे तोच मार्ग अधिक टिकाऊ ठरतो. अधिशोषक पदार्थांचे स्थान त्याआधीच्या मधल्या काळात आणि जेथे नळ लवकर पोहोचणार नाही अशा वस्त्यांत आहे.

नॅनोपदार्थांच्या सुरक्षिततेचा प्रश्न याला जोडूनच येतो. लांब, ताठ नॅनोनलिका उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंप्रमाणे दाह निर्माण करतात, असे २००८ मधील प्रयोगांत दिसले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्तिक नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या वर्गात टाकले. हा धोका मुख्यतः श्वासावाटे जाणाऱ्या तंतूंचा, म्हणजे प्रथम उत्पादन करणाऱ्या कामगारांचा आहे. सरसकट सर्व कार्बन पदार्थांना तो चिकटवणे योग्य नाही. ग्राफीन ऑक्साइडची रचना निराळी आहे.

अखेरीस उरतो तो वापरून झालेल्या भाराचा प्रश्न. पाण्यातून निघालेले आर्सेनिक आता गाळणीत आहे, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी दाट स्वरूपात. ते शेताच्या बांधावर किंवा गावाच्या उकिरड्यात टाकले तर पहिल्या पावसाळ्यातच वाट शोधू लागते. शास्त्रशुद्ध समजल्या जाणाऱ्या भरावातही ते सुरक्षित असतेच असे नाही. भरावात सेंद्रिय कचरा कुजतो, प्राणवायू संपतो, लोहाचे ऑक्साइड विरघळते आणि आर्सेनिक सुटते. भोजपूरच्या जमिनीखाली निसर्गाने जे केले तेच येथे माणसाच्या हातून घडते.

अमेरिकेतील लिहाय विद्यापीठाचे प्राध्यापक अरूप सेनगुप्ता आणि शिवपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजचे सहकारी यांनी १९९७ पासून पश्चिम बंगालच्या खेड्यांत विहिरीच्या तोंडाशी बसणारे अधिशोषण संच उभारले. त्यांची देखभाल गावकऱ्यांकडेच होती. भार संपला की तो एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन धुतला जाई व पुन्हा वापरला जाई. धुण्यातून निघालेला आर्सेनिकयुक्त गाळ जमिनीत न पुरता, हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या थरावर राखून ठेवला जाई. प्राणवायू मिळत राहिल्याने लोह विरघळत नाही आणि त्याने धरलेले आर्सेनिक जागचे हलत नाही. ग्राफीनच्या थरावर बसवलेले लोहाचे ऑक्साइडही याच नियमाने वागते. त्याचा वापरलेला भारसुद्धा असाच उघड्या हवेत, पावसापासून दूर आणि कुणाच्या तरी नोंदवहीत राखावा लागेल.